कोड स्कॅन होतात, मग फोन का येत नाहीत?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: घरं विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा त्यांच्या काकांचा जुना व्यवसाय आहे. काही वर्षांपूर्वी त्या कामात आल्या आणि जाहिरातीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांनी सगळ्या बोर्डांवर, पत्रकांवर, व्हिजिटिंग कार्डांवर आणि ऑफिसच्या काचेवर क्यूआर कोड लावला. कोड सगळीकडे एकच, एजन्सीच्या वेबसाइटचं मुखपृष्ठ उघडणारा. 'लीड', म्हणजे संभाव्य ग्राहकांचे संपर्क, मिळावेत म्हणून पुढे त्यात एक फॉर्म आला: आधी नाव, मोबाइल नंबर आणि ओटीपी, मगच घरं दिसणार. कोड बनवून देणारी कंपनी दर महिन्याला अहवाल पाठवते. त्यात स्कॅनचे आकडे चांगले दिसतात, पण फोन जवळपास येतच नाहीत आणि फॉर्ममधून मिळालेले नंबर बहुतेक वेळा लागत नाहीत किंवा पलीकडचा माणूस वैतागतो. मध्यंतरी विकल्या गेलेल्या फ्लॅटच्या बोर्डावरचा कोड स्कॅन करून एक जोडपं ऑफिसात आलं आणि नाराज होऊन गेलं. काका म्हणतात, 'कोड काढ आणि फोन नंबर मोठा कर, इतकी वर्षं त्यावरच धंदा झाला.' कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो, महागडी योजना घ्या, लोगोवाले रंगीत कोड करा, ग्राहकाची आणखी माहिती गोळा करा. सध्याच्या योजनेची मुदत पुढच्या महिन्याअखेर संपते. त्या विचारतात: कोड काढून टाकू, की त्यावर आणखी खर्च करू? की आमचे ग्राहक वयाने मोठे आहेत, त्यांना हे जमतच नाही?

नमस्कार,

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. कोड काढू नका आणि ती महागडी योजनाही घेऊ नका. तुमची अडचण कोडमध्ये नाही, कोडनंतर जे उघडतं त्यात आहे.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेला बोर्डाचा फोटो मी मोठा करून पाहिला. वर सोनेरी अक्षरांत एजन्सीचं नाव, खाली 'प्रशस्त दोन बेडरूमचा फ्लॅट विकणे आहे', त्याखाली दोन फोन नंबर आणि उजव्या कोपऱ्यात अगदी खाली, बोर्डाच्या काठाला चिकटलेला कोड. क्रीम रंगाच्या पार्श्वभूमीवर फिकट तपकिरी चौकोन. बोर्ड कुंपणाच्या जाळीला तारेने बांधलाय आणि ती तार नेमकी कोडच्या एका कोपऱ्यावरून गेलीय. तरीही दुसऱ्या फोनवरून तो एकदाचा स्कॅन झाला. समोर काय आलं? एजन्सीचं मुखपृष्ठ, त्यावर 'आपल्या स्वप्नातलं घर' अशी ओळ आणि लगेच सगळा पडदा व्यापणारी चौकट: नाव द्या, नंबर द्या, ओटीपी टाका. ज्या फ्लॅटच्या दारात माणूस उभा आहे त्याच्याबद्दल तिथे एक अक्षर नव्हतं.

तो माणूस कोण आहे, याचा जरा विचार करू. संध्याकाळी कामावरून परतताना किंवा सुटीच्या दिवशी फिरताना त्याला बोर्ड दिसला. ती वस्ती त्याला आवडते, घर बघायचं घरात चाललंय. त्याच्या मनात तीन-चारच प्रश्न आहेत: किंमत किती, मजला कितवा, क्षेत्रफळ किती आणि घर अजून शिल्लक आहे का. फोन नंबर बोर्डावर ठळक अक्षरांत आहे आणि तो त्याने वाचलेला आहे. तरी त्याने फोन केला नाही, कोड स्कॅन केला. का? कारण त्याला आत्ता कुणाशी बोलायचं नाही. एकदा फोन केला की आपला नंबर एजंटकडे जातो आणि मग रोज 'सर, दुसरा एक छान फ्लॅट आलाय' सुरू होतं, हा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. कोड हा त्याच्यासाठी न बोलता माहिती मिळवण्याचा मार्ग आहे आणि त्याच मार्गावर तुम्ही नंबर मागणारं फाटक उभं केलंय.

तुमच्या पत्रात एक गृहीत आहे, ते मला तपासून पाहावंसं वाटतं: स्कॅन ही फोनच्या आधीची पायरी आहे, तेव्हा स्कॅन झाले म्हणजे त्या प्रमाणात फोन यायलाच हवेत. तसं होत नाही आणि व्हायची गरजही नाही. ज्याला किंमत परवडत नाही, ज्याला चौथा मजला नको आहे, ज्याला तीन खोल्या हव्या आहेत, तो पेज पाहून निघून गेला तर तुमचं नुकसान काहीच झालेलं नाही. उलट तुमची आणि त्याची साइट व्हिजिट वाचली. नीट चालणाऱ्या कोडमुळे फोन कमी होऊन प्रत्येक फोनला वजन येऊ शकतं. 'किती खोल्या, किती किंमत' इथून सुरू होणारा फोन वेगळा आणि 'मी पेज पाहिलं, शनिवारी घर दाखवाल का' असा फोन वेगळा. तुमच्या बाबतीत मात्र फोन कमी आहेत ते या चांगल्या कारणाने नाही. लोकांना माहिती मिळालीच नाही म्हणून ते गेले आहेत.

फॉर्मचं समर्थन तुम्ही असं करता की नंबर मिळाला नाही तर स्कॅनचा उपयोग काय. न लागणारे किंवा न उचलले जाणारे नंबर जमवून तरी काय मिळतंय? ओटीपीमुळे नंबर खरा मिळेल, पण तो देणाऱ्याची इच्छा खरी नसेल. त्याने तो नाइलाजाने दिला, म्हणून तुमचा फोन गेल्यावर तो वैतागतो. माझं मत स्पष्ट आहे: घराची मूळ माहिती विनाअट दाखवा. नंबर मागायचाच असेल तर बदल्यात काहीतरी खास देताना मागा. घर पाहायची वेळ ठरवताना, कागदपत्रांच्या प्रती पाठवताना, किंवा 'असंच दुसरं घर आलं तर कळवू का' असं विचारताना. तिथेही नाव, नंबर आणि कधी फोन केलेला चालेल एवढंच पुरे. जन्मतारीख, उत्पन्न, नोकरी कुठे, हे विचारायला सांगणाऱ्या प्रतिनिधीचं ऐकू नका. गोळा केलेली प्रत्येक माहिती सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर येते. परवानगीशिवाय कुणाचा नंबर वापरणं हा तर अनेक देशांत कायद्याचा प्रश्न आहे. युरोपात २०१८ पासून त्यासाठी कडक नियम लागू आहेत आणि भारतानेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे.

आता किंमत. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की वेबसाइटवर किंमत देत नाही, 'फोन करा' असं लिहिता, कारण काकांना वाटतं की किंमत कळली की पार्टी बोलायलाच येत नाही. पण फार जास्त वाटली म्हणून न आलेला माणूस ती ऑफिसात येऊन ऐकल्यावर विकत घेईल, असं सहसा घडत नाही. काही मालक किंमत उघड करू देत नाहीत हे मला माहीत आहे. अशा वेळी मालकाला विचारून 'अमुकपासून तमुकपर्यंत' असा पट्टा द्या. तोही नको असेल तर त्या घराच्या बोर्डावर कोड लावूच नका, नुसता फोन नंबर ठेवा. कोड म्हणजे 'इथे उत्तर मिळेल' असं तुम्ही दिलेलं आश्वासन आहे. उत्तर द्यायचं नसेल तर आश्वासनही देऊ नये.

पेजवर काय हवं, हे लिहायला बसलात की मोह होईल ते सगळं टाकण्याचा. तो आवरा. फोनच्या पहिल्या पडद्यावर, बोट न सरकवता, चार गोष्टी दिसाव्यात: घर उपलब्ध आहे की नाही, किंमत, कार्पेट एरिया आणि मजला. त्याखाली फोटो, आणि ते दिवसाच्या उजेडात खिडक्या उघडून काढलेले. मग घराचा नकाशा. खरेदीदाराला नकाशाही लागतो, कारण पलंग कुठे बसेल आणि स्वयंपाकघरातून बैठकीची खोली दिसते का, हे फोटोतून कळत नाही. त्यानंतर इमारत किती जुनी, लिफ्ट, पार्किंग, दरमहा मेंटेनन्स, ताबा कधी. आणि तळाशी 'ही माहिती अमुक तारखेला तपासली' अशी एक ओळ. ही तारीख कुणी लिहीत नाही, म्हणून ज्याच्या पेजवर ती असते त्याच्यावर पटकन विश्वास बसतो.

तुमच्या ब्रोशरची पीडीएफ मात्र कोडला जोडू नका. रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाचं नेटवर्क कसं असेल सांगता येत नाही आणि छापखान्यासाठी बनवलेली जड फाइल उतरेपर्यंत तो चालू लागलेला असतो. साधं पेज, हलके फोटो, बस. शेवटी दोन बटणं द्या: एक फोनचं आणि एक व्हॉट्सॲपचं. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये संदेश आधीच लिहून ठेवता येतो. 'बोर्ड क्रमांक १२ वरच्या फ्लॅटबद्दल विचारायचं आहे' असा मजकूर तयार असला की ग्राहकाला काही टाइप करावं लागत नाही आणि तुम्हाला न विचारता कळतं की तो कुठल्या घराबद्दल बोलतोय.

यावरून तुमच्या दुसऱ्या मोठ्या अडचणीकडे येते. सगळीकडे एकच कोड आहे, म्हणून अहवालातला आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही. तो बोर्डावरून आला की पत्रकावरून, कुठल्या गल्लीतल्या बोर्डावरून, हे त्यात कळायला वाव नाही. प्रत्येक घराला स्वतंत्र पेज हवं आणि प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र कोड हवा. एकाच फ्लॅटचा कुंपणावरचा बोर्ड आणि त्याच फ्लॅटची पत्रकं यांचे कोडही वेगळे ठेवा, जरी दोन्ही एकाच पेजवर पोहोचत असले तरी. मग महिन्याभरात दिसेल की पत्रकांवर जाणारा पैसा कामी येतोय की नाही.

आकडा वाचतानाही जपून. स्कॅन म्हणजे माणूस नव्हे. एकच जण तीनदा स्कॅन करतो, शेजारी कुतूहल म्हणून करतात, मालक स्वतः 'चालतोय ना' हे बघायला करतो. कुणी लिंक घरच्यांना पुढे पाठवली तर तीही त्याच आकड्यात धरली जाऊ शकते. तेव्हा मालकाला अहवाल देताना 'इतक्या लोकांनी रस दाखवला' असं सांगू नका. 'इतक्यांदा पेज उघडलं गेलं, त्यातून इतके फोन आले, इतक्यांनी घर पाहिलं' असं सांगा. मला स्वतःला त्या आकड्यांतली वेळ सगळ्यात बोलकी वाटते. बरेच स्कॅन तुमचं ऑफिस बंद झाल्यावर होत असतील, तर तेव्हा फोन आला असता तरी कुणी उचलला नसता. ते उत्तर पेजनेच द्यायचं आहे.

कोड छापण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बोर्डाच्या फोटोत तिथेच सगळ्यात जास्त चुका दिसल्या आणि त्या दुरुस्त करायला जवळपास काही खर्च नाही.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवला तो गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. वस्तू हातात, वाचणारं यंत्र जवळ आणि काळा-पांढरा स्पष्ट फरक, अशा जागेसाठी त्याची रचना झाली आहे. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन आहेत ना, त्यांवरून कॅमेरा कोड ओळखतो आणि तो तिरका आहे की उलटा हे ठरवतो. तुमच्या बोर्डावरची तार अशाच एका चौकोनावरून गेली आहे. कोडचा बाकीचा काही भाग मळला किंवा फाटला तरी चालतं, कारण त्यात चूक भरून काढण्याची सोय असते: छापताना निवडलेल्या पातळीनुसार साधारण ७, १५, २५ किंवा ३० टक्के माहिती परत मिळवता येते. पण कोपऱ्यातला चौकोनच झाकला गेला तर कॅमेऱ्याला कोड सापडतच नाही. मधोमध लोगो बसवल्यावर कोड चालतो तोही याच राखीव सोयीच्या जिवावर. म्हणजे प्रतिनिधी सांगतोय तो लोगोवाला कोड उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या बोर्डावर आधीच आपली शिल्लक खर्च करून बसलेला असतो. ऑफिसच्या काचेवर लोगो हवा तर ठेवा, बोर्डावर नको.

लिंक लांब असली की कोडमधले चौकोन बारीक होतात. हे अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून हिशेब करून दाखवते. मधल्या पातळीची दुरुस्ती-सोय ठेवून २६ अक्षरांपर्यंतची लिंक २५ बाय २५ चौकोनांच्या कोडमध्ये मावते. लिंक १२० अक्षरांची असेल तर तोच कोड ४५ बाय ४५ चौकोनांचा होतो. दोन्ही १० सेंटीमीटर रुंद छापले तर पहिल्यातला चौकोन ४ मिलिमीटरचा आणि दुसऱ्यातला जेमतेम २.२ मिलिमीटरचा. संधिप्रकाशात, हात हलत असताना, जुन्या फोनवरून दुसरा कोड वाचायला कष्ट पडतात. तेव्हा लिंक आखूड ठेवा.

आकाराचा छपाईतला ठोकताळा असा: जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं, त्याच्या साधारण एक दशांश रुंदी हवी. हातातल्या कार्डासाठी दोन-अडीच सेंटीमीटर पुरे, पण फुटपाथवरून तीन मीटर आत असलेल्या कुंपणावरच्या बोर्डासाठी ३० सेंटीमीटर लागतील. तुमचा कोड त्याच्या जवळपासही नाही. चारही बाजूंनी निदान चार चौकोनांइतकी मोकळी पांढरी पट्टी सोडा, तिच्यात रेघ, चौकट, मजकूर काही नको. काळा किंवा गडद निळा कोड, पांढरी पार्श्वभूमी. चकचकीत लॅमिनेशनवर ऊन पडलं की कोड दिसतच नाही, म्हणून मॅट फिनिश घ्या. कोड खाली कोपऱ्यात ढकलू नका, तो छातीच्या उंचीला येऊ द्या. खाली गवत वाढतं आणि समोर गाड्या लागतात.

आणि कोडखाली शब्द हवेत. नुसता 'स्कॅन करा' नको, 'किंमत, नकाशा आणि फोटो पाहा' असं लिहा. त्याखाली लिंकही अक्षरांत छापा. ज्याचा कॅमेरा नीट चालत नाही तो टाइप करेल, आणि आपण कुठे चाललोय हे सगळ्यांनाच आधी दिसेल.

काही जागी कोड लावूच नये. वेगवान रस्त्यालगतच्या होर्डिंगवर तो निरुपयोगी आहे आणि धोकादायकही, कारण गाडी चालवणाऱ्याने फोन हातात घ्यावा असं आपण सुचवतोय. तिथे लक्षात राहील असं छोटं वेबनाव आणि फोन नंबर पुरे. समाजमाध्यमांवरच्या पोस्टमध्येही कोडचं चित्र टाकण्यात अर्थ नाही. माणूस ती पोस्ट ज्या फोनवर बघतोय त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो कोड स्कॅन कसा करणार? तिथे सरळ लिंक द्या.

तुमच्या वयाने मोठ्या ग्राहकांबद्दल बोलायचं तर मला तुमचं अनुमान पटत नाही. २०१७ मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्यातच कोड वाचण्याची सोय आली, इतर फोनमध्येही ती आता सर्रास असते, आणि पैसे देण्यासाठी कोड स्कॅन करणं असंख्य ज्येष्ठांच्या अंगवळणी पडलं आहे. ते स्कॅन करू शकतात. नकोसा वाटतो तो पुढचा बारीक अक्षरांचा फॉर्म आणि ओटीपी. चष्मा न काढता-घालता वाचता येईल असं पेज दिलंत तर तेही शेवटपर्यंत वाचतील. तरीसुद्धा काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अनेकांना बोलूनच विश्वास बसतो, काहींची नजर अधू असते, काहींचा फोन साधा असतो. नंबर मोठाच हवा. कोड त्याच्या शेजारी असावा, त्याच्या जागी नव्हे. काकांशी बोलताना 'कोड की फोन' असा वाद घालू नका. बोर्डाचा वरचा भाग त्यांचा, म्हणजे ठळक नंबर, आणि खालचा तुमचा, असं म्हणून बघा. आणि जे लोक पेज वाचून फोन करतील त्यांच्याशी पहिलं बोलणं काकांनाच करू द्या. तयारीनिशी आलेला ग्राहक त्यांना स्वतः अनुभवता आला की तुम्हाला फार समजवावं लागणार नाही.

विकल्या गेलेल्या फ्लॅटवरून नाराज झालेल्या जोडप्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मला मात्र ती बाब गंभीर वाटते. घर गेलं की बोर्ड उतरायला वेळ लागतो हे समजू शकते, पण पेज त्याच दिवशी बदलता येतं. ते पुसू नका. 'हे घर विकलं गेलं आहे' असं सगळ्यात वर लिहा आणि खाली त्याच भागातली, त्याच किमतीच्या आसपासची दोन-तीन घरं दाखवा. विकलेलं घर ग्राहक ओढायला मुद्दाम 'उपलब्ध' म्हणून ठेवणारे एजंट आहेत, लोक त्यांना ओळखून असतात. तुमच्या एजन्सीची गणना त्यांच्यात होता कामा नये.

विश्वासाचाच आणखी एक धागा. छापील कोडवर दुसरा कोड चिकटवून लोकांना खोट्या पेजवर नेण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. अमेरिकेच्या एफबीआयने जानेवारी २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. घराच्या व्यवहारात रक्कम मोठी असते, म्हणून इथे जास्त जपायला हवं. बोर्डांवरून फेरी माराल तेव्हा कोडवर हात फिरवून बघा, वर स्टिकर लागलाय का, आणि एकदा स्कॅन करा. टोकन किंवा अनामत रक्कम कोडवरून कधीही स्वीकारू नका आणि प्रत्येक पेजवर तसं लिहा: 'आम्ही बोर्डावरच्या कोडवरून पैसे घेत नाही.' म्हणजे उद्या कुणी तुमच्या नावाने खोटा कोड लावलाच तर ग्राहकाला शंका येईल.

काही ठिकाणी कोड ही आता विक्रेत्याची मर्जी राहिलेली नाही. महाराष्ट्रात महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की विकासकाची वेबसाइट न उघडता प्राधिकरणाकडची त्या प्रकल्पाची माहिती उघडते. जिथे काम करता तिथले नियम तपासा, आणि नव्या प्रकल्पांची जाहिरात करत असाल तर सरकारी कोड आणि तुमचा कोड शेजारी शेजारी बिननावाचे छापू नका. कुठला कशाचा ते खाली लिहा. मला ही कल्पना जुन्या घरांच्या विक्रीसाठीही घेण्यासारखी वाटते: खरेदीदाराला जे पडताळून बघायचं आहे ते आपणच त्याच्या हाती द्यावं.

राहिला योजनेच्या मुदतीचा प्रश्न, आणि तो लगेच सोडवायचा आहे. तुमचे आत्ताचे कोड 'डायनॅमिक' आहेत. म्हणजे कोडमध्ये तुमची लिंक नसून त्या कंपनीची आखूड लिंक आहे आणि ती पुढे तुमच्या साइटवर पाठवते. याचा फायदा असा की छापल्यानंतरही पत्ता बदलता येतो. तोटा असा की योजना संपल्यावर कंपनीने ती लिंक बंद केली तर तुमचे सगळे बोर्ड, सगळी कार्डं एका दिवसात मुकी होतील. हाच फायदा भाडं न भरता मिळतो. तुमच्याकडे स्वतःचं वेबनाव आहेच. त्यावर प्रत्येक बोर्डासाठी छोटा पत्ता तयार करा, वेबनावापुढे तिरकी रेघ आणि 'ब१२' यासारखी खूण, मात्र इंग्रजी अक्षरांत, म्हणजे कोडमध्ये जागा कमी लागते. तो पत्ता कुठल्या पेजवर न्यायचा हे तुमच्या साइटवरूनच ठरेल. वेबसाइट सांभाळणाऱ्याला 'रीडायरेक्ट' म्हटलं की कळेल, आणि मोजदादही तिथेच होईल. अशा पत्त्याचा साधा कोड मोफत बनतो आणि तो कधी कालबाह्य होत नाही, जोवर तुम्ही वेबनावाचं नूतनीकरण करत आहात तोवर.

सगळे बोर्ड एकदम बदलायच्या फंदात पडू नका. आधी सध्याच्या कोडमागचा पत्ता बदलून तो फॉर्म नसलेल्या, उपलब्ध घरांची यादी दाखवणाऱ्या पेजवर वळवा. हे आजच होईल, काही छापावं लागणार नाही. मग सगळ्यात वर्दळीच्या ठिकाणचे दोन-तीन बोर्ड नव्या कोडसह छापा. छापखान्यात देण्याआधी साध्या कागदावर खऱ्या मापाचा नमुना काढून जाळीवर लावा आणि एक जुना फोन, एक नवा फोन घेऊन दुपारच्या उन्हात आणि दिवेलागणीला स्कॅन करून बघा. जुन्या कंपनीला विचारा की दरमहा भरायची साधी योजना आहे का. असेल तर उरलेले बोर्ड आणि वाटलेली कार्डं संपेपर्यंत तेवढीच चालू ठेवा. नसेल तर मुदत संपायच्या आत जुन्या बोर्डांवरच्या कोडवर नव्या कोडचे टिकाऊ स्टिकर लावून घ्या. कार्डं मात्र नवीनच छापावी लागतील.